बोटभर कमी

हंगामाच्या पहिल्याच रविवारी हॉलिस टॉर्गरसन रिकाम्या हाताने डोंगर उतरून घरी आला आणि खांद्यावरची बंदूक स्वयंपाकघरातल्या टेबलावर आदळून म्हणाला, "हिला नदीत फेकून दे."

आर्डिस बटाटे सोलत होती. एवढ्या वर्षांच्या संसारात नवऱ्याने बंदूक अशी टाकलेली तिने कधी पाहिली नव्हती. चिखलाचे बूट घेऊन खुशाल घरभर फिरणारा हा माणूस बंदूक मात्र अंगावरचं पोर ठेवावं तशी ठेवायचा. त्याच्या कोटाची पुढची बाजू चिखलाने भरली होती आणि ओठांना रंग नव्हता.

"काय झालं?"

"अस्वल."

तिने सुरी खाली ठेवली.

"ओढ्याच्या वरच्या अंगाला एल्क दिसला. झाडली, चुकली. बोल्ट ओढून पुढची गोळी भरतोय, तेवढ्यात झुडपातून हा बाबा बाहेर. हल्ली गोळीचा आवाज झाला की त्यांना वाटतं, पान वाढलंय. मी चाप दाबला, तर नुसतं टिक. रिकामी! गोळी घेतलीच नाही हिने."

"मग?"

"मग काय? मी पडलो चिखलात. तो उभा राहिला, माझ्याकडं बघितलं आणि गेला. त्याच्या मनात आलं म्हणून गेला. माझ्यामुळं नाही."

तो अंग धुवायला गेला तेव्हा आर्डिसने हात पुसून बंदूक उचलली. लहानपणी बापाबरोबर तिने हरणं मारली होती, बंदूक तिला परकी नव्हती. तिने बंदुकीच्या बाजूचा दांडा, तो बोल्ट, ओढला, ढकलला, ओढला, ढकलला. पोटातल्या गोळ्या एकामागून एक वर आल्या आणि टेबलावर उड्या मारत पडल्या. एकही अडली नाही. बंदुकीला काही म्हणजे काही झालेलं नव्हतं.

या बंदुकांचं एक असतं. गोळी झाडल्यावर बोल्ट पार शेवटपर्यंत मागे यावा लागतो, तेव्हाच पुढची गोळी वर येते. बोटभर जरी कमी पडला, तरी रिकामं टरफल उडून जातं, बोल्ट छान बंद होतो, माणसाला वाटतं भरली, आणि आत वारा असतो. हॉलिसचा उजवा कोपर दोन वर्षांपूर्वी गुरं ट्रकात चढवताना लोखंडी फाटकाखाली सापडला होता. डॉक्टरांनी पट्टी घालून सांधला, पण तो हात पुरता दुमडेना. तेव्हापासून हॉलिस डाव्या हाताने जेवायचा, डाव्या हाताने दाढी करायचा. घरात कोणी त्याबद्दल बोलायचं नाही, असं न ठरवताच ठरून गेलं होतं.

आर्डिसने गोळ्या गोळा केल्या आणि पुन्हा बटाटे सोलायला घेतले.

हिवाळ्याचं मांस अजून डोंगरावरच होतं. गुरं होती, पण ती विकायची. आपली जनावरं आपणच खायला लागलो तर वर्षभर मीठ चाटावं लागेल, हे त्या खोऱ्यातल्या प्रत्येक घराला माहीत होतं. एक एल्क, घोड्याएवढं ते हरीण, घरात आलं की मार्चपर्यंत चिंता नसायची. यंदा फ्रीझरचं झाकण उघडलं की खाली मटार आणि बर्फ तेवढा दिसायचा.

पण त्या रविवारनंतर हॉलिस डोंगराकडे बघेना. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, याने तर पाणीही फुंकायला सुरुवात केली. गवताच्या गंजीपर्यंत जाताना शीळ घालायला लागला. ज्या माणसाने जन्मात शीळ घातली नव्हती, तो मोठ्यांदा, बेसूर शीळ घालत अंगण ओलांडायचा. गुरं बघायला गेला की पिकअप चालू ठेवून काचेतूनच मोजायचा. आर्डिस खिडकीतून बघायची आणि तिला रडू यायचं.

"नवी बंदूक घ्यायची," एका सकाळी तो म्हणाला. "चांगली. ही स्वस्तातली खेळणी पुरे झाली."

अंगण वाकडं म्हणणाऱ्याला काय सांगायचं? ती म्हणाली, "बघून तर येऊ."

ओरिन स्टब्सचं दुकान म्हणजे पुढे गुरांचा खुराक, खिळे, दोरखंड आणि मागे बंदुका. शेगडीभोवती नेहमीचे दोघे-तिघे म्हातारे कॉफी पीत बसलेले. ओरिनने दोन बंदुका काढून हिरव्या कापडावर शेजारी शेजारी ठेवल्या. एक काळ्या प्लास्टिकच्या दस्त्याची, जी खोऱ्यातल्या दर दुसऱ्या पिकअपच्या मागच्या काचेला लटकलेली असते. हॉलिसने तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. दुसरी घाटापलीकडच्या एका छोट्या कारखान्यातली. तिथे एकेक बंदूक माणसं हाताने घासून बसवतात. अक्रोडाचा दस्ता, त्यावर हाताने कोरलेल्या बारीक रेघा, आणि पोलादावर निळसर काळी झाक.

"हात लाव, चावत नाही," ओरिन म्हणाला.

हॉलिसने ती उचलली. महिनाभरात पहिल्यांदा त्याच्या खांद्यातला ताण उतरलेला आर्डिसला दिसला. बोल्ट तूप लावल्यासारखा सरकत होता, आवाजसुद्धा नाही.

"हिचा आकडा दणकट आहे," ओरिनने सांगितलं. "गोळीला मानगुटीला धरून आत नेतो, उलटी धरली तरी सोडत नाही. पण मला दोन्ही विकायच्यात म्हणून खरं सांगतो, नेमाला ही काळी काही कमी नाही. अस्वलाला तर फरक कळतच नाही."

"मला कळतो," हॉलिस म्हणाला.

"अस्वलाने किंमत विचारली तर सांग रे!" शेगडीपासून एकजण ओरडला आणि सगळे हसले. हॉलिसही हसला, पण कान लाल झाले.

मग त्याने बंदूक खांद्याला लावली, दारावरच्या हरणाच्या मुंडक्यावर धरली आणि भरभर बोल्ट ओढून ढकलला. आर्डिस बाजूला उभी होती. तिने नीट पाहिलं. कोपर बरगडीपाशी येऊन अडकला आणि बोल्ट शेवटाच्या बोटभर आधीच परत फिरला. हॉलिसला पत्ताही लागला नाही.

ओरिनलाही दिसलं होतं. त्याने आर्डिसकडे पाहिलं, आर्डिसने त्याच्याकडे. मग तो चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसायला लागला. त्या मुलखात पुरुषाला एकवेळ तुझी गाय मरणार आहे असं तोंडावर सांगतात, तुझा हात चालत नाही असं सांगत नाहीत.

"खांद्यावरून जरा खाली घेऊन ओढलास तर बरं पडतं कधी कधी," ओरिन चष्म्याकडे बघत म्हणाला.

"मी दहा वर्षांचा असल्यापासून ओढतोय."

"ते आहेच म्हणा."

"ही घेतो. पॉपीला विकतो. तो नदीकाठचा नवा बंगलेवाला कधीपासून मागतोय तिला."

पॉपी आर्डिसची घोडी. शिंगरू असल्यापासून तिने तिला हाताने वाढवलं होतं, लगामाची, खोगिराची, ओझ्याची सवय लावली होती. ती विकली जाणार हे आर्डिसला शेगडीभोवतीच्या म्हाताऱ्यांच्या बरोबरीनेच कळलं. तिने कोटाची बटणं लावली, मग सोडली, मग पुन्हा लावली.

"घेऊन जा, चालवून बघ," ओरिन म्हणाला. "पुढच्या आठवड्यात पैसे आण, नाहीतर बंदूक आण. आणि आर्डिस, पोरी..."

"काय?"

"काही नाही. जपून जा. रस्ता घसरडा आहे."

घरी आल्यावर हॉलिस पायरीवर उभा राहून सराव करायचा. कुंपणाच्या खांबावर नेम धरून एक गोळी, मग बंदूक कमरेपाशी घेऊन, सावकाश, पूर्ण ओढून दुसरी. खांबाच्या चिरफळ्या उडायच्या. "बघ म्हातारे, बघ! याला म्हणतात बंदूक!"

"खांद्याला लावूनच ओढ की. घाईत."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"हॉलिस, तुझा कोपर..."

"कोपराचं नाव काढू नको." तो ओरडला नाही, हळू म्हणाला, म्हणून ते जास्त लागलं.

तिने नाव काढलं नाही. त्याचं गुरांचं काम अर्धं तिच्याकडे आलं होतं, गाठी तीच मारायची, फाटकं तीच उचलायची. बंदूक तेवढी त्याची उरली होती. तीही काढून घ्यायची तर त्याच्यात राहील काय, याची तिला भीती वाटायची. आणि काढून न घ्यावी, तर त्याच्यात जीव राहील का, याचीही.

दरवर्षी शेजारचा क्लेट त्याच्याबरोबर जायचा. यंदा त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं.

"मी येते," आर्डिस म्हणाली.

हॉलिसने मान खाली घातली तेव्हा सुटल्यासारखा श्वास सोडला, तो तिने ऐकला.

त्या डोंगरात एकट्याने एल्क चिरायला कोणी बसत नाही. दोघं लागतात. एक चिरणारा, एक उभा राहणारा. उभा राहणारा बंदूक घेऊन झाडीकडे तोंड करतो, चिरणारा त्याच्याकडे पाठ करून कामाला लागतो. चिरणाऱ्याने मान वर करायची नाही, हा नियम. सारखी मान वर केली तर काम लांबतं, आणि काम लांबलं की रक्ताचा वास लांब जातो. सुरीला आर्डिसचा हात हॉलिसपेक्षा कितीतरी जलद. तेव्हा कोण चिरणार आणि कोण उभं राहणार, हे विचारायचं कारणच नव्हतं.

दोघं निघाली तेव्हा आकाश खाली आलेलं होतं आणि बर्फ घोट्यापर्यंत. ओझ्यासाठी पॉपी बरोबर घेतली होती. पिकअपमध्ये आर्डिसने तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा हीटरबद्दल काहीतरी बोलून मिटलं.

एल्कची मादी त्यांना उतारावरच्या मोकळ्या जागेत सापडली, बर्फ उकरून गवत खात होती. हॉलिसने ओंडक्यावर बंदूक टेकली, श्वास सोडला आणि झाडली. ती जागच्या जागी बसली आणि आडवी झाली. हॉलिसने बंदूक खाली घेऊन सावकाश बोल्ट ओढला, नवी गोळी भरली. त्याचा चेहरा असा उजळला होता, की आर्डिसला क्षणभर वाटलं, आपलंच चुकलं असेल. बंदूकच खराब असेल ती जुनी.

"बघितलंस? एका गोळीत!"

"बघितलं. आता उभा राहा नीट."

पॉपीला खालच्या झाडाला बांधून ती गुडघ्यांवर बसली. अस्वल पळवायच्या मिरपुडीच्या फवाऱ्याचा डबा तिच्या पट्ट्याला होता, पण वारा झाडीकडून तिच्या तोंडावर येत होता. फवारा मारला असता तर तिच्याच डोळ्यांत गेला असता. तिने बाह्या सारल्या, पोट चिरलं, कोपरापर्यंत हात आत घातले. वाफ तोंडावर आली. बाहेर बोटं गारठून मेली होती, आत ऊब होती. पाठीमागे हॉलिसचे बूट बर्फात चुरचुरत होते. ते चुरचुरले की तिला बरं वाटायचं.

मग ते थांबले. खाली पॉपीने नाक फुरफुरवलं आणि दोर ताणला.

"आर्डिस," हॉलिस म्हणाला. आवाज अगदी साधा होता. "उठू नको."

ती मान वर करणार नव्हती, पण मान वर झालीच. झाडीच्या कडेला ते होतं. खांद्यावरचा उंचवटा आणि खाली घातलेलं रुंद डोकं. ते घाईत नव्हतं. आपल्याच जेवणाकडे निघाल्यासारखं चालत येत होतं.

"हो! हो! जा!" हॉलिस ओरडला. ते थांबलं नाही. हॉलिसने त्याच्या पुढ्यात जमिनीत गोळी झाडली. ते दचकून मागे सरलं, फुत्कारलं, आणि डोकं आणखी खाली घालून पुन्हा निघालं, आता जलद.

आर्डिसने मागे बोल्टचा आवाज ऐकला. मागे, पुढे. मागचा आवाज आखूड होता.

टिक.

तिने वळून पाहिलं. हॉलिस बंदूक खांद्याला लावून उभा होता, बोट चापावर तसंच दाबलेलं. तो पुन्हा ओढत नव्हता. पळतही नव्हता. त्याची बोबडी वळली होती, आणि खालचा ओठ लहान मुलासारखा हलत होता.

आर्डिस कशी उठली ते तिला नंतर सांगता आलं नाही. रक्ताने बुळबुळीत झालेल्या हातांनी तिने बंदूक त्याच्याकडून हिसकली. बोल्टवरून हात घसरला. पुन्हा धरला, सगळं अंग मागे टाकून शेवटपर्यंत ओढला. त्या दणकट आकड्याने इमानाने धरून पुन्हा आत नेलेलं रिकामं टरफल बाहेर उडालं आणि बर्फात चर्र झालं. तिने ढकलला, झाडली. अस्वलाच्या तोंडाशी दगड आणि माती उडाली. ते इतकं जवळ होतं की त्याने झटकलेल्या डोक्यावरून उडालेलं पाणी दिसलं. ते वळलं, धावलं, झाडीत शिरलं. आणि तिथेच थांबलं. फांद्यांमागे त्याची पाठ दिसत होती.

तिने पुन्हा बोल्ट ओढला. शेवटपर्यंत.

"चल," हॉलिस पुटपुटला. "सोडून दे. चल इथून."

"पाठ फिरवून अर्धा उतार जायचंय. ते मागं लागलं तर? आणि हिवाळा पडलाय इथं अर्धा चिरलेला. सुरी घे."

"मी?"

"तू. मी उभी राहते."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग गुडघ्यांवर बसला, डाव्या हातात सुरी घेतली आणि मागच्या तंगड्या सोडवायला लागला. त्याचे खांदे हलत होते. थंडीने की कशाने, ते तिने बघितलं नाही. तिला झाडीवरून नजर काढायची नव्हती.

"आहे का?" त्याने खालून विचारलं.

"आहे."

"काय करतोय?"

"बघतोय."

थोड्या वेळाने, "अजून आहे?"

"आहे. बोलू नको. काप."

उभं राहणं चिरण्यापेक्षा वाईट असतं, हे तिला तिथे कळलं. चिरणाऱ्याच्या हाताला निदान काम असतं. उभं राहणाऱ्याने एका फांदीकडे बघत राहायचं आणि पाठीमागे आपलं माणूस गुडघ्यांवर आहे, हे विसरायचं नाही. एकदा अस्वलाची पाठ दिसेनाशी झाली, तेव्हा तर तिची पाचावर धारण बसली. मग ती थोडी डावीकडे पुन्हा दिसली आणि तिला जवळजवळ आनंद झाला.

दोन मागच्या तंगड्या पॉपीवर लादल्या. घोडी घामाने ओली झाली होती, डोळ्यांचं पांढरं दिसत होतं, पण आर्डिसचा हात मानेवर होता म्हणून पाय रोवून उभी राहिली. बाकीचं त्यांनी तिथेच सोडलं. उतार अर्धा झाला असेल नसेल, मागून हाड मोडल्याचा आवाज आला.

पिकअपपाशी तंगड्या मागे टाकून ताडपत्री बांधताना तो म्हणाला, "पहिल्या वेळेलाही हेच झालं होतं."

"हो."

"बंदुकीला काही झालं नव्हतं."

"नव्हतं."

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"त्या रविवारपासून."

त्याच्या हातातून दोरी सुटली. तो तिच्याकडे असा बघायला लागला, जसं त्याने डोंगरावर अस्वलाकडेही बघितलं नव्हतं.

"माहीत होतं, आणि तरी माझ्याकडं पाठ करून बसलीस?"

आर्डिसने सुटलेली दोरी उचलली.

"अगं, शिवी द्यायचीस. थोबाडीत मारायचीस. काय वाटलं तुला, मला वाईट वाटेल? म्हणून मरायला बसलीस?" तो टायरवर टेकला आणि त्याने तोंड हातांनी झाकलं. उजवा हात नीट पोचेना, म्हणून अर्धं तोंड उघडंच राहिलं. आर्डिस त्याच्या शेजारी बर्फातच बसली. रक्त वाळून तिच्या बाह्या कडक झाल्या होत्या.

ओरिनच्या दुकानात शेगडीभोवती तेच म्हातारे होते. हॉलिसने पुसून स्वच्छ केलेली बंदूक हिरव्या कापडावर ठेवली.

"परत," तो म्हणाला.

"का रे? चालली नाही का?"

शेगडीपाशी बोलणं थांबलं. "नाही चालली" एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. ओरिननेही मान डोलावली असती. आर्डिसला वाटलं, म्हणून टाक बाबा, आता काय फरक पडतो.

"बंदूक सोन्यासारखी आहे," हॉलिस म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "माझा हात पुरत नाही. बोटभर कमी पडतो. आता बंदूक ही बाळगणार. जुनी हिला लांब पडते, हिच्या मापाचं काय आहे ते दाखव."

कोणी हसलं नाही. एका म्हाताऱ्याने शेगडीत लाकूड सारलं आणि सरकून बाकावर जागा केली. हॉलिस तिथे जाऊन बसला. कोणीतरी कप पुढे केला, त्याने तो सगळ्यांसमोर डाव्या हाताने घेतला.

ओरिनने पुन्हा दोन्ही बंदुका शेजारी ठेवल्या. "दोन्ही ओढून बघ, पोरी."

तिने अक्रोडाची ओढली. बोल्ट कुठे सुरू झाला आणि कुठे संपला, हाताला कळलंच नाही. मग काळी घेतली. ती खरखरली, जरा अडली, आणि शेवटाला जाऊन ठक्‌ वाजली.

"ही," आर्डिस म्हणाली. "शेवट आला की सांगते."

"स्वस्तातली आहे."

"असू दे. माझी घोडी राहील."

शेगडीपाशी हॉलिस कुणाच्या तरी बोलण्यावर हसला. तसं हसू तिने महिन्याभरात ऐकलं नव्हतं. दस्ता तिच्या खांद्याला बसतो का ते ओरिन वाकून बघत होता. तेवढ्यात दुकानाच्या काचेबाहेर, दोन पिकअपच्या मधून, काहीतरी तपकिरी हललं.

ठक्‌.

सगळ्यांनी वळून पाहिलं. आर्डिसने बोल्ट शेवटपर्यंत ओढलेला होता, आणि तिला तो ओढल्याचं आठवत नव्हतं. बाहेर कुणाचंतरी कुत्रं चाकाला अंग घासत होतं.

हॉलिसने कप ठेवला. उठून तिच्याशेजारी येऊन उभा राहिला, काचेकडे तोंड करून. तिच्या कोपराला त्याने हात लावला.

"या भीतीची सवय होत नाही, आर्डिस," तो हळूच म्हणाला. "कधीच होत नाही. मी होतो ना शीळ घालत."